पाढे म्हणताना बाई फळ्याजवळ नसत

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या आजच्या उत्सवमूर्ती आमच्या बाई, शिक्षकवर्ग, पालक आणि माझ्या जुन्या वर्गसोबत्यांनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. सूत्रसंचालक सरांनी हळूच बजावलंय, "फक्त आठवणी सांग हं, वाद नको." ठीक आहे. आठवणच सांगते.

चौथीत आमच्या तुकडीत बावीस जण होतो. रोज सकाळी पाढे. सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, आणि बाई तेव्हा फळ्याजवळ नसत. बाकांमधून फिरत, वाकून एकेकाच्या तोंडाशी कान नेत. एकदा त्या माझ्या बाकाशी थांबल्या. माझ्या शेजारी शिंप्याची मुलगी बसायची, तिला म्हणाल्या,

"तोंड हलतंय, आवाज कुठाय गं?"

"बाई, घसा बसलाय."

"सातच्या पाढ्यापर्यंत तर ठणठणीत होता. आठलाच बरा बसला?"

वर्ग हसला. तीही हसली, आणि मग रडली. बाई म्हणाल्या, "रडतेस काय वेडे? कुठे अडतं ते कळलं, अर्धं काम झालं. चल, आठ एके आठ."

ती आज समोर बसली आहे. तिची मुलगी याच शाळेत तिसरीत आहे. पुढच्या वर्षी चौथीच्या तिन्ही तुकड्या एक होणार, मधल्या भिंती पडणार, आणि सहासष्ट मुलांपुढे एक शिक्षक उभा राहणार. बाईंनी याला नकार दिला. म्हणून निवृत्तीला दोन वर्षं बाकी असताना आज हा हार. पत्रिकेवर 'स्वेच्छानिवृत्ती' छापलं आहे. स्वेच्छा कुणाची, हे मी व्यासपीठाकडे बघून विचारत नाही.

मी ध्वनी-अभियंता आहे. सभागृहात आवाज नीट पोचवणं हे माझं काम. त्या मोठ्या वर्गात स्पीकर बसवायचं काम संस्थेने माझ्याकडेच दिलं. अध्यक्षमहोदय प्रेमाने म्हणाले, "पोरी, शेवटच्या बाकापर्यंत आवाज गेला की झालं. मुलं वीस काय नि सहासष्ट काय!"

मी मोजमाप केलं. शिक्षकाचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत नेणं सोपं आहे, चार स्पीकर पुरतात. पण तिथलं मूल नुसतंच तोंड हलवतंय, हे शिक्षकापर्यंत पोचवणारं यंत्र मला ठाऊक नाही. कुणाला ठाऊक असेल तर चहाच्या वेळी जरूर भेटा.

गैरसमज नको. वर्ग लहान केला की शिकवणं आपोआप सुधारतं, असं मी म्हणत नाही. आमच्या भूगोलाच्या सरांना बावीस मुलांसमोरही छान डुलकी लागायची. सर, इकडेतिकडे काय बघता, तुम्हीच ते! मोठी शाळाही वाईट नसते. प्रयोगशाळा, मैदान, ग्रंथालय लहान शाळेच्या आवाक्यात नसतं. तेव्हा शाळा खुशाल मोठी करा, हजार मुलं आणा. पण एका शिक्षकाचा कान जितक्यांपर्यंत पोचतो, तितकीच मुलं त्याच्या वर्गात ठेवा.

बाई मघापासून मला डोळ्यांनी दटावताहेत. बाई, तुमच्या वर्गात मी एकदाही उलट बोलले नाही. आज बोलणार.

अध्यक्षमहोदय, स्पीकरचं काम मी परत करते आहे. दुसरं कुणीही ते करून देईल, याची मला कल्पना आहे. उद्या पालकसभेत तुकड्या एक करण्याचा ठराव येईल, तेव्हा माजी विद्यार्थ्यांची प्रतिनिधी म्हणून मी विरोधात उभी राहीन, मोजमापांसकट. मघाशी दाराशी शिंप्याच्या मुलीला हे सांगितलं. म्हटलं, तुझ्या वतीनेही मीच बोलू का? ती म्हणाली, "तू तुझे आकडे बोल. माझ्या पोरीचं मी बोलेन."

मला बोलू दिलंत, त्याबद्दल आभार. बोलू न देण्याचाही विचार झाला होता म्हणे. तो बारगळला, त्याबद्दल जास्त आभार. सूर कुठे चढला असेल तर लहान समजून पोटात घाला. म्हणणं मात्र पोटात घालू नका, त्याचं उत्तर उद्या सभेत द्या. नमस्कार.