लोधीखेड्याच्या लेथचे उलटे आटे

थाना सौंसर, जिल्हा पांढुर्णा (मध्य प्रदेश). दिनांक १८ नोव्हेंबर २०२५, दुपारी सव्वाबारा वाजता.

नाव जयवंता पुंडलिकराव कामडी, वय ३४ वर्षे, धंदा लेथकाम, राहणार सौंसर.

समक्ष हजर राहून सांगते की, सौंसरला माझे स्वतःचे लेथचे दुकान आहे. हिंदी मला येते, पण जबाब मराठीत घ्यावा असे मीच म्हटले, म्हणजे माझा शब्द इकडचा तिकडे होणार नाही.

माझा धाकटा भाऊ राजू लोधीखेड्याला केतन भगवंतराव बोबडे यांच्या वर्कशॉपमध्ये मोठ्या लेथवर कामाला होता. केतन यांना रोज सकाळी अगरबत्ती लावून झाली की गिअरबॉक्सखालच्या ड्रेनच्या, म्हणजे तेल काढायच्या भोकाच्या, बोल्टला पाना घालून आवळायची सवय आहे, गरज असो नसो. त्यानेच भोकाचे आटे झिजून मेले व तेल गळू लागले. मागच्या फेब्रुवारीत राजू त्या तेलावर घसरला, हात फिरत्या चकवर गेला आणि उजव्या हाताची दोन बोटे गेली. केतन यांनी चौकशीत लेखी दिले की, ड्रेनचे तेल माणूस उभा राहतो तिथपर्यंत येतच नाही, राजू पिऊन आला होता. राजू सुपारीसुद्धा खात नाही. रामाकोना गावच्या मुलीशी त्याची ठरलेली सोयरीक मोडली. बोटांवरून नाही, पिण्यावरून मोडली.

दि. ११ नोव्हेंबरला केतन माझ्या दुकानात आले. धागा, टेप सगळे लावून झाले होते, गळती थांबत नव्हती. भोक मोठे करून नवे आटे पाडायचे होते आणि आटे पाडायचे तेवढे मोठे टॅप या भागात माझ्याकडेच आहेत. राजूचे नावही न काढता ते म्हणाले, "जयवंताबाई, काम तुमच्याच हातचं पाहिजे." मी हो म्हटले.

दि. १२ रोजी लोधीखेड्याला जाऊन तेल काढले. अर्ध्या इंचाचे भोक ड्रिलने पाऊण इंच केले. चुरा आत पडू नये म्हणून टॅपला ग्रीस भरून आटे पाडले, रॉकेलने धुतले, नवा बोल्ट व तांब्याचा वॉशर लावला. काम चोख आहे, कोणत्याही मिस्त्रीला दाखवा. मात्र आटे उलटे पाडले, म्हणजे आवळायला जाल तर सुटतात. सुलटा टॅपही माझ्या पेटीत होता.

हे मी लपवले नाही. तिथला कामगार विशाल उईके याच्यासमोर सांगितले, "केतनभाऊ, चुडी उलटी हाय. आवळाले जासान तं सुटन." ते म्हणाले, "वीस वर्षांपासून लेथ चालवून राहिलो मी. आता तू मले पाना धराचं शिकवशीन का?" बोल्टवर खडूने बाण काढता आला असता, तो मी काढला नाही. जित्याची खोड माझ्या बोलण्याने जाणार नव्हती, आणि जावी असे मला वाटतही नव्हते.

दि. १३ रोजी सकाळी विशालने फोन केला. केतन यांनी अगरबत्ती लावली, पाना घातला, अर्धा फेर दिला. थेंब दिसला म्हणून अजून जोर लावला. बोल्ट हातात आला, सगळे तेल जमिनीवर, आणि ते त्यावरच घसरून पडले. मनगट मोडले. आवळताना ते मशीन बंद ठेवतात हे मला माहीत होते, म्हणून कोणाचे बोट जाणार नव्हते. त्यांना लागल्याचे मला वाईट वाटले नाही, असे लिहावे.

केतन यांची माझ्याविरुद्धची तक्रार आज मला वाचून दाखवली. तीत त्यांनी सही करून लिहिले आहे की, ड्रेनचे तेल लेथवाल्याच्या उभे राहण्याच्या जागी पसरते व माणूस घसरतो. एवढेच मला त्यांच्या सहीने पाहिजे होते. फेब्रुवारीचा कागद आणि हा कागद एकाच फाईलला लावावा. त्या सकाळी ते पिऊन होते का, हेही विचारावे. माझ्यावर जो गुन्हा होईल तो होवो.

माझा जबाब मला ऐकवला. त्यात "रागाच्या भरात" असे शब्द आले होते, ते खोडायला लावले. राग पहिला महिनाभर होता, काम मी शांतपणे केले. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

सही
जयवंता पु. कामडी