पुष्पसेवा प्रभारींचा राजीनामा

हॅलो?… हॅलो, विमल?… हो, मीच. दुसरं कोण उचलणार? अभिजीत मंडीदीपला कंपनीत, मृणाल टी. टी. नगरला ऑफिसात, घरात मी आणि फ्रिज. दोघं दिवसभर गुरगुरत असतो.

…रडत नव्हते. कांदा चिरत होते.… बरं, कांदा नाही, काकडी. काकडी चिरताना रडलं तर पोलीस पकडतात का?

…सांगते. अगं सांगते, श्वास तरी घेऊ देशील?… मी राजीनामा दिला.

…देवळाचा गं! मला कुठली नोकरी? साताऱ्याचं घर बंद करून मुला-सुनेकडे भोपाळला आले त्याला अडीच वर्षं झाली, नोकरी म्हणशील तर पोळ्या.… हो, तेच देवीचं देऊळ, कॉलनीच्या गेटाजवळचं. त्याच्यापुढची बाग माझ्याकडे होती ना. पुष्पसेवा प्रभारी.… हसू नकोस. समितीनं दिलेलं नाव आहे. भारी तर मी होतेच, त्यांनी नुसता 'प्र' लावला.

…नाही, गंमत नाही करत. खरंच दिला. आज चार वाजता, लेखी.

…का म्हणजे? आधी ऐक तरी. मी आले तेव्हा काय होतं तिथे? रेती, फुटक्या कुंड्या आणि एक गरोदर मांजर. आता अकरा जास्वंदी आहेत, विमल. दोन कण्हेरी, तगर, मोगऱ्याचा वाफा. चैत्र लागायच्या आत मोगऱ्याला कळ्या धरल्यात. कुणी केलं हे? समितीनं? समितीनं फक्त फलक लावला, 'फूल तोड़ना मना है'. त्याच्यावरच ओले टॉवेल वाळत घालतात.

…हो, हो, सक्सेनाच. दुसरं कोण? परवा पाडवा, म्हणजे इथे नवरात्र बसतं. देवीला तांबडी जास्वंद लागते. बाईंना पहिला मान हवा. काय करतात माहीत आहे? संध्याकाळीच येतात. हातात काठी, काठीला आकडा. उद्या उमलायच्या कळ्या आज तोडायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळायच्या आणि फ्रिजमध्ये ठेवायच्या! लसणाच्या चटणीशेजारी. सकाळी देवीला वाहतात आणि ग्रुपवर फोटो टाकतात. फोटोत फुलं एवढीशी, बाई एवढ्या.

…रविवारी पकडलं ना मी. पिशवीत चाळीस कळ्या! मी म्हटलं, 'बहनजी, हमको गंडवाओ मत.'

…नसेल हिंदीत तो शब्द. सूर समजला त्यांना, पुरे झालं. त्या म्हणतात, 'फूल भगवान के हैं, आपके थोड़े ही हैं.' मी म्हटलं, 'तो भगवान को बोलो पाइप पकड़ने.'

…चुकलं काय त्यात? विमल, मी काही मोठी भाविक नाही, तुला माहीत आहे. साताऱ्याला असताना संध्याकाळचा दिवा हेच लावायचे, मी मालिका बघायचे. पासष्टीनंतर भक्ती सगळ्यांनाच येते गं, चष्मा येतो तशी. पण एक सांगते. सकाळी सहाला पाणी घालताना जास्वंद उघडायला लागते ना, एकेक पाकळी… तेव्हा माझे हात आपोआप जोडले जातात. हे गेल्यापासून मला देव दिसला असेल तर तिथेच. आणि ही बाई तोच खुडून पिशवीत भरते!

…नाही नाही, भांडण तिथे थांबतंय कुठे. काल बैठक बोलावली. अध्यक्ष श्रीवास्तवजी, मधोमध खुर्ची टाकून. एका बाजूला सक्सेना, तिच्यामागे आठ बाया. दुसऱ्या बाजूला मी, माझ्यामागे भिंत. आणि मग तो माणूस मला म्हणतो… गोड आवाजात गं, अगदी साखर घोळून… 'अम्माजी, आप बड़ी हैं. आप बस एक राजीनामा लिख दीजिए, बात ख़त्म.'

…हो! मलाच! कळ्या तिनं चोरायच्या आणि राजीनामा मी द्यायचा!

…काय म्हणणार? 'लिख देती' म्हटलं आणि उठले. रात्री जेवले नाही. मृणालनं विचारलं, 'आई, बरं नाही का?' मी म्हटलं, 'मला काय धाड भरलीय.' गेली आत. आज सकाळी बसले आणि लिहिला.

…मराठीत. मग? हिंदीत लिहायचं म्हणजे कुठल्या 'है'वर टिंब आणि कुठल्यावर नाही याचा हिशेब कोण ठेवणार? आणि मराठीत कसं, रागाला आपल्या घरात बसल्यासारखं वाटतं. वर ठळक अक्षरात 'राजीनामा'. खाली दीड पान.

…वाचून दाखवू? कच्चा कागद आहे इथे. थांब, चष्मा… हं. 'सौ. सक्सेना यांची श्रद्धा फ्रिजमध्ये ठेवली तरी नासणारी आहे.' … आवडलं ना? 'आमचे आदरणीय अध्यक्ष म्हणजे समईतली वात नसून नुसतंच तेल आहेत, जिकडे उतार तिकडे ओघळणार.' … आणि शेवटी, 'आपणां सर्वांना माझा कोपरापासून नमस्कार.'

…अगं मग! लिहायला बसले की मी कुणाला ऐकते का?

…तेच सांगतेय. दिला चार वाजता. सगळ्या जमल्या होत्या. श्रीवास्तवजींनी चष्मा लावला, मोठ्यांदा वाचलं, 'राजीनामा!' आणि विमल… टाळ्या वाजवल्या गं. सगळ्यांनी. मी जातेय म्हणून टाळ्या! पुढचं मनातल्या मनात वाचत होते, मान डोलवत. 'श्रद्धा… वाह. आदरणीय… वाह वाह.' 'नमस्कार'वर बोट आलं तर उठून मला हात जोडले. निर्लज्जपणा बघ!

…सक्सेना? ती तर गळ्यात पडली. हो, माझ्या! आणि मावाबाटी भरवली तोंडात. एवढा गोळा, पाकातला. मी काही बोलणार तर तोंड भरलेलं. माणूस घालवल्याचे पेढे घरच्या घरी तरी वाटावेत, त्याच्याच तोंडात कोंबतात का?

…किल्ली ठेवली ना मी टेबलावर. नळाच्या कुलपाची. मानानं ठेवली. गेटापर्यंत आले तर श्रीवास्तवजी पळत मागे. 'अम्माजी, चाबी भूल गईं!' हातात कोंबून गेले. म्हणजे पाणी मी घालायचं आणि फुलं—

…काय?… काय विचित्र?… मला काय माहीत का परत दिली. माज, दुसरं काय.

…हसतेस काय? विमल!… अगं इथे माझा जीव जातोय. मला या गावात सकाळी उठून जायला ती एकच जागा होती. परवा पाडव्याला माझ्या बागेतली फुलं मी कुंपणाबाहेरून बघायची, आणि तुला हसू—

…परत म्हण.

…राजीनामा म्हणजे राजीनामा. नोकरी सोडतात तो.… मग हिंदीत कशाला म्हणतात?… इस्तीफा. बरं, इस्तीफा. मग राजीनामा?… कोर्टात?… हो, आठवतं ना, छिंदवाड्याचं, तुझ्या दिरांचं जागेचं भांडण.… दोघंही राजी झाले, म्हणून… राजी… नामा…

…अगं बाई.

…अगं बाई बाई बाई. समझौता?

…म्हणजे तो माणूस म्हणत होता, भांडण मिटवा, लिहून द्या?… म्हणजे टाळ्या… आणि मावाबाटी… विमल, ती बाई खरंच गळ्यात पडली होती! मी तिच्या पाठीला एक चिमटा काढला गं!

…हो, हस, हस. नागपूरला राहून तुम्हाला हिंदी फुकट मिळाली.… नाही, मीपण हसतेच आहे. थांब, डोळे पुसू दे. म्हणजे मी अजून प्रभारी आहे. किल्ली माझ्याकडे आहे! उद्या सकाळी सहाला… विमल, मोगऱ्याला आज पाणीच नाही घातलं, रागात. भोपाळचं ऊन, वाळला असेल बिचारा. जाऊन घालते. ठेव, ठेव फोन—

…काय?… कागद? कागद त्यांच्याकडेच. त्यांनी तर लगेच काचेच्या पेटीत लावला, आरतीच्या वेळापत्रकाशेजारी. 'सबको प्रेरणा मिलेगी' म्हणे. मला वाटलं, माझी धिंड काढतायत…

…अरे देवा.

…नाही, इथे कुणाला मराठी येत नाही. अकरा गल्ल्या, एक मराठी घर, आमचं. अभिजीत आठला येतो, कंपनीच्या बसमधून. मान खाली, मोबाईलमध्ये. त्याला देऊळ हललं तरी कळणार नाही.… मृणाल.… मृणाल स्कूटी तिथेच लावते, देवळाच्या सावलीत.

…नाही गं, सक्सेनाचं वाचून ती हसेलच. ते नाही. शेवटी दोन ओळी आहेत… तुला वाचून दाखवल्या नाहीत.

…नको. जाऊ दे ना.… बरं. 'घरी माझ्याशी बोलायला कुणाला सवड नाही. मी या गावात राहते हे फक्त या झाडांना ठाऊक होतं. आता तीही तुमची.'

…रागात लिहिलं गं! परक्यांना कळणार नाही म्हणूनच लिहिलं. आणि मृणाल काही वाईट नाही. सकाळी नऊला जाते, साडेसहाला येते, आल्यावर मुकाट्यानं चहा करते, कप घेते आणि खोलीत. लॅपटॉप. तोंडात मूग धरून बसते. मी तरी काय बोलू? माझं सगळं जास्वंदीचं, तिचं सगळं एक्सेलचं.… किती वाजले? पावणेसात? मी जातेच. जाऊन काढते तो कागद, सांगते शुद्धलेखन चुकलंय म्हणून. चप्पल कुठे गेली… थांब. दार वाजलं.

…आली.

…मृणाल, आलीस का गं?… विमल, तिच्या हातात कागद आहे.… तोच! माझं अक्षर मला ओळखू येत नाही का?

…हो गं मृणाल, मीच लिहिलाय.… कुणी थांबवलं तुला?… विमल, मेले मी. आरतीला जमल्या होत्या सगळ्या. सक्सेना हिला म्हणाली, 'बेटा, तेरी सास ने मेरे लिए इतना लंबा लिखा है, ज़रा पढ़के तो सुना.'

…आणि तू वाचलंस?… हिंदीत?… सगळ्यांपुढे?… अगं, त्या नासण्याचं काय केलंस?… 'सक्सेना दीदी की श्रद्धा सदा ताज़ी रहती है'! विमल, ऐकलंस? हिनं सगळं उलटं करून वाचलं!… आणि श्रीवास्तवजींचं तेल?… 'जिनके तेल से हमारा दीया जलता है'. अगं कार्टे!… रडली? सक्सेना रडली?… उद्यापासून सूर्य उगवल्यावरच तोडणार, ते पण मला विचारून? देवीसमोर शपथ घेतली?

…विमल, बघ, सून कुणाची आहे! मी दीड पान शिव्या लिहून जे झालं नाही ते हिनं—… थांब, काहीतरी म्हणतेय.

…हं.… शेवटच्या दोन ओळी. नाही वाचल्यास तिथे.… बरं केलंस.… मृणाल, ते रागात… म्हणजे, तसं मला म्हणायचं नव्हतं.

…होतं. म्हणायचं होतं. खोटं कशाला बोलू? रागात लिहिलं, पण मनातलंच लिहिलं.

…काय?… रोज?… रोज नाही गं, एखाद्या दिवशी…

…नाही, विमल, तू मध्ये बोलू नकोस. ती म्हणते, साडेसहाला ती दार उघडते तेव्हा मी रोज तुझ्याशी फोनवर असते. ती काही सांगायला तोंड उघडते आणि मी हात वर करते, 'थांब' म्हणून. मग ती थांबते. मग चहा होतो. मग निवतो. मग ती आत जाते.

…नाही, भांडत नाहीये. साधंच म्हणाली. तेच तर.… गेल्या महिन्यात तिला बढती मिळाली, विमल. ते सांगायला तीन दिवस उभी राहिली होती म्हणे इथे. मला माहीतच नाही. अभिजीतलाही वाटलं, आईला सांगितलं असेल.

…आता काय करतेय? काही नाही. उभी आहे. हेल्मेटसुद्धा काढलं नाही अजून.

…नाही, उद्या नको. यापुढे साडेसहाला करूच नकोस फोन. दुपारी कर.… अगं काय झालं ते सांगेन, दुपारी सांगेन ना…

…विमल. आत्तासुद्धा माझा हात वरच आहे गं.

ठेवते.