पगारी लेक

डिचोलीच्या बसस्टँडवर साखळीची बस अजून लागायची होती. माझ्या मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

"यशोदे, पाव आणायला गेली ती पोर कोण गो? सून?"

"मला मूल ना बाळ, सून कुठली? लेक आहे माझी. पगारी ठेवलीय."

"म्हणजे कामवाली!"

"कामाला वेगळी बाई येते. ही सुविधा माझ्याबरोबर जेवते, गप्पा मारते, देवळात घेऊन जाते. हे गेल्यावर कारापूरचं घर मला खायला उठायचं. मग मीच तिला विचारलं, लेक म्हणून येशील?"

"विकतची माया गो ती. पगारासाठी गोड बोलत असणार."

"तीच तर पंचाईत होती! काहीही म्हटलं की 'हो आये, हो आये'. शेवटी मी सांगितलं, नुसती मान डोलावणारी लेक मला नको. माझं चुकलं तर भांड."

"मग?"

"परवा मी प्रेशरची गोळी न घेताच खारा बांगडा खायला बसले. हिने पुढ्यातलं ताट उचललं आणि अशी ओरडली, की शेजारी धावत आले!"

"आणि तू ऐकून घेतलंस?"

"आलेल्या सगळ्यांना चहा पाजला मी!"

तेवढ्यात पाव घेऊन सुविधा आली. "आये, बस लागली. ऊठ आता! येईल त्याला घरातलं सांगत बसायचं, कसली सवय गो तुझी?"

यशोदाबाई उठल्या आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ऐकलंस ना? ही अशी बोलते मला!"