जना अजून फोन करतो

मंडळी, नमस्कार. मागे उभे आहात त्यांनी पुढं या, इथं खुर्च्या रिकाम्या आहेत. सलीमभाई, तुम्हीही या, दाराशी नका थांबू.

मी श्रीकांत. जनार्दनचा भागीदार. मला बोलता येत नाही, हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे. आमच्या धंद्यात बोलायचं काम जनाचं आणि कागदाचं काम माझं, अशी वाटणी पहिल्या दिवसापासून होती. तेव्हा आज इथं उभं राहून बोलणं मला किती जड जातंय, ते तुम्ही समजून घ्या. दुसऱ्या कुणाची शोकसभा असती, तर मी जनालाच पुढं केलं असतं.

महिना उलटून गेला जनाला जाऊन. ऑफिसात बसल्या बसल्या छातीत कळ आली, वाशीला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तुम्ही सगळे आलात, खांदा दिलात, दहाव्याला आलात. एवढं सगळं झालं. आणि तरी आज दुपारी जना तुमच्यातल्या निम्म्या माणसांशी फोनवर बोललाय. बोललाय की नाही? मान हलवा नुसती. बघा.

त्याच्याबद्दलच बोलायला मी उभा आहे. गेलेल्या माणसाचं गुणगान करायची रीत आहे, ती मी पाळणार आहे, पण मला आज एक गोष्ट सांगायचीय, आणि ती सांगितल्याशिवाय त्याचे गुणही कळायचे नाहीत.

ज्यांना आमचं काम माहीत नाही, त्यांच्यासाठी. न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनर घेऊन जाणाऱ्या गाड्यांना आम्ही कळवतो, की गेटला गर्दी आहे, आत्ता येऊ नका. तुमचे कागद तयार आहेत, आता या. एवढंच काम. पनवेलला लाईन आळीत, पहिल्या मजल्यावर, एका खोलीत आम्ही सुरू केलं. कॉम्प्युटर एक होता आणि तो संडासाशेजारच्या बोळात ठेवला होता, कारण गारवा तिथंच. तेव्हा पनवेलला वीज किती जायची आठवतंय ना? वीज गेली की आमचा धंदा गेला. ड्रायव्हर फोन करकरून शिव्या द्यायचे. एकदा उंदरानं वायर कुरतडली, तर दोन दिवस उरणच्या रस्त्यावर आमच्या नावानं बोंब होती.

मग जनानं कुठूनतरी ऐकलं, की आता कॉम्प्युटर विकत घ्यायची गरज नाही. परदेशात, सिंगापूरला वगैरे, मोठमोठ्या कंपन्यांनी अशा मशिनांची गोदामं उभारलीत, ती भाड्यानं मिळतात. हवी तेवढी घ्या, नको झाली की सोडा. मी म्हटलं, जना, वेड लागलंय का? आपला माल सिंगापूरला ठेवायचा? आपण बघितलंय का कुठं आहे ते?

तो म्हणाला, "शिरक्या, बंदरात कोनाचा काय स्वतःचा हाय? जहाज भाड्याचा, डबा भाड्याचा, जागा भाड्याची. तरी जगाचा माल चालतोय ना? मग?"

घेतलं भाड्यानं.

त्या मशिनांच्या बाजाराचं त्याला भयंकर आकर्षण. पापलेटचा भाव बघावा तसा तो रोज सकाळी डॉलरचा भाव बघायचा. त्या तीन-चार बड्या कंपन्या एकमेकींचं गिऱ्हाईक ओढायला भाडी खाली आणायच्या, आणि भाडं उतरलं की जना आणखी एक मशीन घ्यायचा. अमेरिकेतल्या बँका, जपानातले कारखाने, आणि उलव्याच्या बाजूचा, विमानतळात जमीन गेलेला जनार्दन, सगळे एकाच गोदामाचे भाडेकरू. याची त्याला मोठी मजा वाटायची. एकदा आमच्याच ऑफिसातल्या एकाच्या हातून सगळं पुसलं गेलं, तेव्हापासून त्यानं सगळ्याची आणखी एक प्रत आयर्लंडात ठेवली. मशीनला शिकवून ठेवलं, की इकडं कुणाचाही हात लागला तरी सकाळी आयर्लंडातून सगळं होतं तसं जागेवर आणायचं. म्हणाला, "आता देव आला तरी पुसता यायचा नाय."

आता आवाजाचं. ड्रायव्हर लोकांना मेसेज पाठवून उपयोग नव्हता. गाडी चालवताना कोण वाचणार, आणि पुष्कळांना वाचता येत नाही. बाकीच्या कंपन्या बाईचा गोड आवाज लावतात. जना म्हणाला, घाटात गाडी अडकलेल्या माणसाला गोड आवाज ऐकून डोकं फिरतं. त्यानं स्वतःचा आवाज भरला. आपल्या मारुती व्हॅनच्या काचा बंद करून, आत घामाघूम होत, एकेक वाक्य. "गेटला गर्दी हाय, गाडी बाजूला लाव, घाई करू नको." "तुजं कागद तयार हायत, ये आता." "जेवलास का? जेवून घे, अजून वेळ हाय." हे शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं, ते त्यानं आपल्या मनानं घातलं. ड्रायव्हर लोक जीव टाकायचे त्याच्यावर ते त्याच वाक्यामुळं.

आता तो दिवस आठवा. आपण तिरडी उचलली. अंगणातून बाहेर पडलो. तेवढ्यात बंदराच्या गेटला गर्दी झाली असणार, आणि एका मागोमाग एक फोन वाजायला लागले. खांदा दिलेल्यांच्या खिशातले, मागून चालणाऱ्यांच्या खिशातले. कुणी चुकून उचलला, कुणाचा हात लागून उचलला गेला, आणि त्या रस्त्यावर, सगळ्या बाजूंनी, जना बोलायला लागला. "गाडी बाजूला लाव. घाई करू नको." आपण थांबलो होतो, मंडळी. सगळे जण थांबलो होतो. तिरडी खांद्यावर घेऊन आपण सगळे रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. कुणी सांगितलं नव्हतं कुणाला.

ड्रायव्हर लोक मला अजून रोज विचारतात, की बाबा, तो आवाज बदल ना. आपले ड्रायव्हर सलीमभाई मला म्हणाले, "भाई, मय्यतचा आवाज आहे, कट करायला हात होत नाही, आणि ऐकायला कलेजा होत नाही." मी बदलला हो. दहाव्याच्या आधीच बदलला. एका मुलीचा आवाज भरून घेतला, सगळी वाक्यं बदलली, दिवसभर चालवून बघितली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडलं, तर जना बोलत होता. आयर्लंडानं सगळं जागेवर आणून ठेवलं होतं. पुन्हा बदललं. पुन्हा सकाळी तोच. मी शिकलासवरलेला माणूस, यामागचं कारण मला माहीत आहे, मी ते आत्ताच तुम्हाला सांगितलं. पण त्या खोलीत एकटा बसलो असताना त्या कारणाचा मला काडीचा आधार वाटला नाही.

आयर्लंडचं ते काम माझ्या हातून थांबेना, ते जनाच्या नावाच्या खात्यातूनच थांबतं. मग ते खातंच बंद करायचं ठरवलं. तर त्याची किल्ली जनाच्या फोनमध्ये. त्या फोनवर एक आकडा यायचा, तो घातला की कुलूप उघडायचं. नवीन सिम काढून तो आकडा मिळत नाही, तोच फोन लागतो. मी रामदासकडं गेलो. रामदास, मान खाली घालू नकोस, तुझं काही चुकलं नाही. जनाचा धाकटा भाऊ तो. अस्थी खाडीत सोडताना, गेलेल्याच्या आवडीची वस्तू बरोबर सोडतात आपल्याकडं. कुणी विडी-काडी सोडतं, कुणी टोपी. रामदासनं फोन सोडला. मला म्हणाला, "दादाचा सगला जीव त्यात होता, मंग तो आमी कशाला ठेवू?" काय चुकीचं बोलला?

मी त्या परदेशी कंपनीला लिहिलं, की खातेदार वारले. उत्तर आलं, अगदी सभ्य. तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. नियमानुसार खातं फक्त खातेदाराला बंद करता येईल. कृपया त्यांना लॉगिन करायला सांगा. आणि त्याच आठवड्यात जनाच्या नावानं आणखी एक पत्र: प्रिय जनार्दन, तीन वर्षांचा करार केलात तर भाड्यात सवलत. मला रागसुद्धा आला नाही. त्या बाजाराला भाडं पोचत होतं, म्हणजे माणूस आहे. एवढाच त्यांचा हिशेब.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. ड्रायव्हर लोकांनीही घेतलं असतं सवयीनं. पण एक फोन घरी जायचा.

जनाची आई इथं समोर बसल्यात. हिरूबाई. त्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून मी जरा मोठ्यानं बोलतोय. जना रोज उशिरा घरी जायचा आणि निघताना कळवायचं विसरायचा, आणि आई त्याच्याआधी जेवायच्या नाहीत. तेव्हा त्यानं तेही मशीनला लावून दिलं. शेवटची गाडी गेटातून सुटली की घरी फोन. "आये, गाड्या आटपल्या. निंगालो मी. भाकर टाक." हे वाक्य त्यानं घरीच भरलं होतं. नीट ऐकलं तर मागं, लांबून, आईंचाच आवाज येतो. "कोनाशी बोलतं रं?" तो त्यात तसाच राहिलाय.

रोज संध्याकाळी तो फोन येत राहिला, मंडळी. आणि आई रोज भाकरी टाकत राहिल्या. ताट वाढून बसायच्या. तो येत नाही म्हणून जेवायच्या नाहीत. जनाची बायको, आपल्या सुनीतावहिनी, पाया पडल्या, रामदास रडला, उपयोग नाही. अंगावर मांस राहिलं नाही बाईंच्या. तुम्हाला दिसतंयच.

शेवटी वहिनी आणि मी समोर बसलो त्यांच्या. मी म्हटलं, "आई, जना गेला. तो फोन करत नाही." तर माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मना म्हायती नाय? माज्या देखत जालला त्याला. पन पोर भाकर टाक बोलतो, तं मी नको टाकू?"

मग मी सगळं सांगितलं. मशीन कसं आहे, ते लांब कुठं आहे, ते आपोआप कसं बोलतं. त्या ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हंजे जिता होता तवाबी तो नव्हता बोलत?"

मी वहिनींकडं बघितलं. वहिनींनी मला सांभाळून घेतलं. म्हणाल्या, "आये, आवाज त्यांचाच. ते एकदाच बोलले, तेच पुना पुना येतं. आनि रोज घरी यायचे ना? तुमच्या हातची भाकर खायचे ना?"

मग आईंच्या तोंडून जे आलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाल्या, "एकदा बोल्ला तवापासून बोलतोच हाय? दिसरात? त्याला कोनी थांब नाय बोल्ला?" आणि माझा हात धरला. "बाला, थांबीव त्याला. दमला असंल माजा पोर."

आम्ही सगळे आमच्या जिवाला काय होतं ते बघत होतो, मंडळी. त्याचा विचार या बाईंनी केला.

तेव्हा वहिनींनी मार्ग काढला. भाडं त्यांच्या कार्डातून जायचं, कारण शाळेतली नोकरी त्यांची, कार्ड त्यांच्या नावावर. त्यांनी कार्ड बंद केलं. पैसे थांबले तेव्हा कुठं त्या बाजाराला कळलं, की काहीतरी झालंय. नोटिसा आल्या. पहिली, दुसरी, शेवटची. शेवटचीत लिहिलं होतं, की आजच्या तारखेनंतर सिंगापूरचं आणि आयर्लंडचं सगळं पुसलं जाईल, परत मिळणार नाही. म्हणून ही सभा आज ठेवली. तुमच्या गाड्यांची काळजी करू नका, उद्यापासून दुसरीकडून फोन येतील, दुसऱ्या आवाजात. जनाचा आवाज दुसरीकडं कुठं ठेवायचा का, असं मी वहिनींना विचारलं होतं. त्या नाही म्हणाल्या. आईंना विचारायचं धाडस मला झालं नाही.

आता दिवे लागलेत. बंदरातली आपली शेवटची गाडी आता कधीही सुटेल. सभेत फोन बंद ठेवायला सांगतात, मी तुम्हाला चालू ठेवायला सांगतोय. घरचा फोन आज आईंच्या हातात आहे. तो येईल तेव्हा त्या काय बोलणार आहेत, ते त्यांनी मला सकाळीच सांगितलंय. हे हळू सांगतो, आईंना ऐकू जायला नको: मशीनला ऐकू येत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही, आणि तुम्हीही सांगू नका. त्या त्याला म्हणणार आहेत, "नको येव बाला आता. भाकर नाय टाकली. तू नीज."

मंडळी, आपण उभं राहूया. जना, तुला आमचा सगळ्यांचा हात जोडून रामराम. तू आम्हाला पुष्कळ वेळा घरी पोचवलंस.

आता कुणी काही बोलू नका. शांत उभे राहा.

वाजतोय. राहू दे, रामदास, तू नको घेऊस.

आई, उचला.