कुकरला खोकला झाला

अहो, गाल दुखायला लागले होते माझे, गाल! कोण म्हणतं म्हातारपणी काम नसतं? रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला स्वयंपाकघरातल्या भिंतीला तोंड लावून उभं राहायचं, पोटात हवा भरायची, आणि पुढचे दोन दात पडलेत ना माझे, त्या फटीतून सोडायची… फुस्स… फुस्स… शीऽऽऽऽ! हसू नका. घरी जाऊन करून बघा. कुकर काय एकदम वाजतो? आधी कुरकुरतो, थुंकतो, झाकण हलवतो, आणि मग बोंब मारतो. ते सगळं मी तोंडाने करायचे! एक शिट्टी झाली की दम खायचा, कारण खरा कुकरही मध्ये दम खातो. दुसरी. मग तिसरी. का? तर घरात काही शिजो ना शिजो, शिट्टी वाजली पाहिजे!

आता तुम्ही म्हणाल, म्हातारी चळली. नाही हो. आमच्या इमारतीत आठ बिऱ्हाडं, आणि भिंती कसल्या, कागदाला रंग दिलाय नुसता. शेजारी उचकी लागली की आपण पाणी प्यावं. संध्याकाळ झाली की घराघरातून शिट्ट्या, आणि ज्या घरातून आली नाही, त्याची दुसऱ्या दिवशी जिन्यात चौकशी. वरची नर्सबाई आहे ना, ती मान वाकडी करून विचारणार, "काल तुमच्याकडे अगदी शांत शांत होतं हो… सगळं बरं आहे ना?" हे 'बरं आहे ना' म्हणजे काय, कळतं की मला! शाळेत गेले नाही म्हणून काय माणसं वाचता येत नाहीत?

सून माझी बिस्किटांच्या कारखान्यात डबे भरते. मुलगा ट्रकवर, महिन्यातून एकदा तोंड दाखवतो आणि झोपतो. गॅस असा महागला, की एक टाकी तीन तीन महिने ओढायची. म्हणून सकाळी एकदाच शेगडी पेटायची, आणि संध्याकाळी सकाळचंच, गार. गार अन्न पचतं हो, पोटाला काय कळतं! पचत नाही ते काय, सांगू? दारात माणूस आल्यावर 'चहा घेणार ना?' असं न विचारता, 'चहा नको ना?' असं विचारणं. ते इथे अडकतं. इथे, गळ्याशी.

आणि दारात येणारं माणूस तरी कोण? शेजारची शिंपीण. तीस वर्षांची मैत्रीण माझी. माझा मुलगा तिच्या मशीनखाली रांगला, तिच्या नवऱ्याला शेवटचं पाणी मी पाजलं. रोज दुपारी चहा, एक दिवस तिच्याकडे, एक दिवस माझ्याकडे, पाळी कधी चुकली नाही. आणि आता माझ्या पाळीला मी काय देणार? गार पाणी? पहिल्यांदा म्हटलं, गुडघा दुखतोय. मग म्हटलं, डोळे आलेत. मग म्हटलं, डॉक्टरांनी चहा बंद केलाय. डॉक्टरांनी! अहो, डॉक्टरचं तोंड मी शेवटचं पाहिलं ते मुलगा झाला तेव्हा, आणि तोही घाईत होता. बरं, तिला बोलवायचं नाही तर तिच्याकडे तरी कुठल्या तोंडाने जाऊन पिऊ? तेही सोडलं. चौदा महिने. माझ्या दारापासून तिच्या दारापर्यंत बारा पावलं, आणि चौदा महिने!

राग कशाचा यायचा, तर तीही आली नाही. एकदा येऊन भांडली असती तरी चाललं असतं. उलट संध्याकाळी तिचा कुकर असा दणक्यात! मी तीन दिल्या की तिकडून चार. म्हटलं, असं? मी पाच दिल्या. तिकडून सहा! अगं एकटी बाई तू, घरात शिजवतेस काय, हत्ती? पण मी मागे हटते का? सून कारखान्यातून दमून आलेली, तिला म्हटलं, "तू झाकणं आपट, आवाज भरीव व्हायला हवा." ती बिचारी झाकणं आपटतेय आणि म्हणतेय, "आई, कुणाला कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही." म्हटलं, "तोंड रिकामं आहे कुठे दाखवायला? फुंकतेय ना मी!" सातव्या शिट्टीला डोळ्यांपुढे काजवे चमकले, मी ओट्याला धरून खाली बसले. सून म्हणाली, "पुरे." म्हटलं, "पुरे काय? घरात काही शिजो ना शिजो, शिट्टी वाजली पाहिजे!"

आणि मग त्या मंगळवारी… ऐका आता नीट… मी माझ्या तीन देऊन दम खात होते. भिंतीपलीकडून तिची पहिली आली, झकास. दुसरी, वा! आणि तिसरी… शीऽऽऽ… खॉक्! खॉक् खॉक् खॉक्!

मी थिजले. तुम्हीच सांगा, कुकरला खोकला होतो का? तापतो, फुटतो, गळतो, पण खोकतो? आणि खोकला कुणाचा, मला विचारा! तीस वर्षं ऐकलेला खोकला, आधी एक सुटा, मग तीन जोडून, सुईत दोरा ओवतानाही हाच. मी भिंतीला कान लावला. तिकडे चिडीचूप. ती पण कान लावून उभी असणार! मग मी काय केलं? पोटात हवा भरली आणि एक बारीक शिट्टी सोडली, विचारल्यासारखी… शीऽऽ?

सून माझ्याकडे बघतेय, मी भिंतीकडे बघतेय. आणि मग तिकडून, हळूच, लाजत… शीऽ.

अहो, मी जी हसायला लागले! आणि भिंतीपलीकडून तिचं हसणं, खोकला आणि रडणं, तिन्ही एकदम. सुनेच्या हातातलं झाकण गेलं खाली. मी पदर खोचला आणि बारा पावलं अशी टाकली की गुडघ्याला दुखायची सवड नाही मिळाली! दार उघडंच. शिंपीण ओट्यापाशी उभी, हाताने तोंड झाकून. आणि शेगडीवर काय? दोन्ही बर्नरवर दोऱ्याची रिळं मांडलेली, रंगाप्रमाणे, ओळीने. म्हणजे किती दिवस पेटली नसेल!

म्हटलं, "काय गं, चार चार, सहा सहा शिट्ट्या?"

"तू वाढवत गेलीस म्हणून मी वाढवत गेले! मला वाटलं, तुझ्याकडे सुबत्ता आलीये, म्हणून आम्हांला विसरलीस."

"सुबत्ता? अगं, माझ्या डब्यात सकाळचा भात आहे, त्याला आता मूठ मारली तर मूठ मोडेल!"

"आणि तो डॉक्टर? चहा बंद करणारा?"

"मेला," म्हटलं. "आजच."

पाणी दिलं तिने. माठातलं, गार. दोघी जमिनीवर बसून ते प्यालो, घोट घोट, चहासारखं. आणि बसलो असताना वरून शिट्टी आली. नर्सबाईची. दोघींनी कान टवकारले. शिंपीण म्हणाली, "हा खरा असेल." मी म्हटलं, "थांब." पुन्हा आली. म्हटलं, "अगं, कुकर कधी सुरात वाजतो का? ही बाई अंगाईची चाल वाजवतेय!" धावलो दोघी जिन्याने, शिंपीण पुढे, मी मागे. दार ढकललं, तर जिन्यात चौकशा करणारी ही नर्सबाई स्वयंपाकघरात ओठांचा चंबू करून उभी! आम्हांला बघून तसाच चंबू राहिला, मिटेचना. मी मान वाकडी केली आणि विचारलं, "सगळं बरं आहे ना?" जन्मात एवढं सुख नाही मिळालं मला!

ती रडली हो. म्हणाली, "रात्रपाळीहून येते आणि गार दूध पिऊन झोपते." मग तिला घेऊन पुढचं दार, मग पुढचं. आठ बिऱ्हाडांत पाच कुकर तोंडाचे निघाले, पाच! एक तर प्लास्टिकच्या पिपाणीवर भागवत होता. म्हटलं, ही लबाडी आहे, दातांनी वाजवायची असते.

राहिला तळमजल्यावरचा घड्याळवाला. त्याच्या घरातून वर्षानुवर्षं शिट्टी नाही. बायको गेली तेव्हापासून सगळे म्हणायचे, "बिचारा, त्याच्याकडे तर गॅसच नाही." आम्हीही तेच म्हणायचो, आणि म्हणूनच त्याच्या दारात कुणी जायचं नाही… गेलं तर त्याला लाज वाटेल! आम्ही म्हटलं, एवढी वरात निघालीच आहे तर त्यालाही विचारू. त्याने दार उघडलं. आत भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. आणि कोपऱ्यात… भरलेली टाकी! सील न तोडलेली!

शिंपीण म्हणाली, "अहो भावजी, मग पेटवत का नाही?"

तो म्हणाला, "एकट्यासाठी काय पेटवायचं, वहिनी? बाहेरून पाव आणतो. आणि तुमच्या सगळ्यांच्या शिट्ट्या ऐकत खातो… तेवढीच सोबत."

आमच्या शिट्ट्या! अहो, आम्ही उपाशी पोटी फुंकायचो आणि हा माणूस त्याच्या तालावर जेवायचा! हसावं का रडावं? मी पदराने डोळे पुसले आणि म्हटलं, "भावजी, माचीस कुठे आहे?"

त्या दिवशी शिंपिणीचा मोठा कुकर खाली आला, माझ्या घरचे बटाटे, नर्सबाईचे तांदूळ, आणि सातला, भावजींच्या निदान एका घड्याळात तरी सातला, खरी शिट्टी वाजली. जुना कुकर तो, दचकलोच सगळे. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सून पहिला घास तोंडात धरून बसली, गिळेना. म्हटलं, "काय झालं गं?" म्हणाली, "चटका बसला, आई," आणि अशी हसली, लग्नानंतर पहिल्यांदा एवढी.

तेव्हापासून रोज खालीच. सहा घरं, एक आग. टाकी भरायची पाळी ठरलेली, दुपारचा चहाही तिथेच, आणि माझी पाळी आली की मी छाती काढून विचारते, "चहा घेणार ना?" नको म्हणायची हिंमत आहे कुणाची!

फक्त एक झालं. एवढी माणसं एवढ्या दिवसांनी बोलायला बसली, की शिट्टीकडे लक्ष कुणाचं राहणार? दोनदा बटाटे करपले. मग सगळ्यांनी सभा घेतली, भावजी अध्यक्ष, आणि ठरवलं, स्वयंपाक होईपर्यंत एकाने तोंड मिटून बसायचं आणि शिट्ट्या मोजायच्या. नाव कुणाचं? माझं! एकमताने! सुनेने तर दोन्ही हात वर केले. मी म्हटलं, मीच का? तर शिंपीण, माझी तीस वर्षांची मैत्रीण, म्हणते कशी, "तू गप्प बसल्याशिवाय आम्हांला बोलायला मिळतंय कुठे?"

म्हणून तर तुम्हाला धरून बसवलं. चला, सात वाजत आले. जाते… गप्प बसायची वेळ झाली माझी.