धुळाजीचा घण

सावित्रीबाई : दीर दारात उभा हाय अन तुमी भाता वढत बसलाव. वर बघा तरी.

आश्रुबा : बघितलं. गेवराईचा जीवन हाय. उद्या पुलावर त्याचा सत्कार हाय म्हणं. शाल-नारळाची माणसं आमच्या भट्टीवर कावून यायलीत?

जीवन : टोमणे मारा दादा, पण ऐकून घ्या. नवा पूल सुरू झाला. जुना लोखंडी पूल सरकार जपून ठेवणार हाय, त्याचाच कार्यक्रम हाय. पणजोबांचा घण एका दिवसापुरता पायजे. स्टेजवर मांडायला.

आश्रुबा : पत्रिका वाचली मी. 'धुळाजी लोहारांचे पणतू जीवनराव.' अन मी काय आभाळातून पडलो बे? त्यो माझाबी पणजा. त्यात मी थोरल्या घरचा. निजामाच्या राज्यात विलायतेचं लोखंड बैलगाड्यांनी नदीवर आलं, पण त्याचा पूल केला कुणी? धुळाजीनं काठावर भट्टी मांडली. परांचीवर बसून रिबिटांचे लाल तापलेले खिळे ठोकले, एकेक सांधा आवळला. ह्याच घणानं.

जीवन : त्येच लोकांना सांगायचं हाय.

आश्रुबा : तू सांगणार. खिडक्यांना गिरील बसवणारा.

सावित्रीबाई : पत्रिका आल्यापासून ह्यांच्या पोटात ह्येच जळायलंय. जेवण गोड लागंना. भाऊजी, मी एक विचारते. धुळाजीच्या घरचं आणखी कोण हाय, असं कार्यक्रम ठरवणाऱ्या सरकारी साहेबानं विचारलं आसंल. तुमी काय सांगितलं?

जीवन : कुणी न्हाई म्हणलो.

आश्रुबा : ऐकलंस? जित्यापणी माती दिली मला.

सावित्रीबाई : कावून, भाऊजी?

जीवन : साहेब इथं आले असते, वहिनी. भट्टी बघितली असती, घण बघितला असता, दादा काम करताना बघितला असता. मग मला कोण विचारतंय? लहानपणी दसऱ्याला बाप मला इथं घेऊन यायचा. तुमचे सासरे, थोरले आबा, घणाला हळदकुंकू लावायचे, दादाच्या हातात द्यायचे. मी हात पुढं केला की म्हणायचे, धाकट्या घरानं लांबून पाया पडावं. बाप गुमान लांबून पाया पडायचा. घरी गेल्यावर त्या दिवशी जेवायचा न्हाई.

आश्रुबा : मला वाटायचं, तुमी लई मजेत हाव. तुझ्या बापानं शहरात दुकान टाकलं, तुझी लाईटवरची वेल्डिंगची मशीन आली. हितं घणाची पूजा, अन काम काय तर विळे-खुरपी पाजवायची. आपल्या ह्या तलवाड्याची माणसं गेट करायला तुझ्याकडं जायची, तीबी माझ्या दारावरून. मी हितनं त्यांना रामराम घालायचो.

सावित्रीबाई : म्हंजे दोघंबी उपाशीच ऱ्हायलाव.

जीवन : मग घण देता का, दादा?

आश्रुबा : न्हाई.

जीवन : बरं. येतो मी.

आश्रुबा : थांब. घण एकला कुठं जात नसतो. मी घेऊन येईन. स्टेजवर मीच धरीन.

जीवन : माझ्या सत्काराला?

आश्रुबा : तुझ्या न्हाई. धुळाजीच्या.

सावित्रीबाई : अन हे कोण म्हणून कुणी विचारलं तर?

जीवन : थोरल्या घरचे. माईकवर मीच सांगीन. माझ्या आधी त्यांचं नाव घेईन.

आश्रुबा : बघू.

जीवन : पण दादा, फोटो काढताना माझा एक हात लागू द्या घणाला.

आश्रुबा : दांडा खालून धर. वर माझा हात ऱ्हाईल.