गारगोटीतलं पाणी

ऐका, सगळं गाव बोअर घेऊन राह्यलं, पण आमच्या केदारखेड्याच्या काकांना विहीरच पाहिजे! उन्हाळाभर खोदली, सुरुंग लावले, पाण्याचा थेंब न्हाई. काका डोकं धरून बसल्ते, अन् मला दगडं गोळा करायचं येड. मी ढिगाऱ्यातून लिंबाएवढी गारगोटी उचलली.

"ने, सगळेच ने," काका चिडून म्हणले. "माह्या इहिरीत तेच पिकतेत."

जालन्यात माझ्या ओळखीचे एक भूगर्भशास्त्राचे सर आहेत. मी नेलेली गारगोटी त्यांनी टॉर्चवर धरून तिरपी केली. आत एक बुडबुडा हळूहळू वर सरकत होता.

"आत पाणी आहे," सर म्हणाले. "गारगोटी तयार होताना कोंडलं गेलं. कोट्यवधी वर्षं झाली असतील. फोडू नका."

तसाच केदारखेड्याला गेलो अन् सर म्हणले ते सगळं काकांना सांगितलं. काकांनी गारगोटी उन्हात धरली. बुडबुडा सरकला.

"इतक्या वर्षांत हे कोणीच पिलं न्हाई?"

"काका, तवा तहान लागायला माणूसच नव्हता."

काकांनी चपला काढल्या. गारगोटी दोन्ही हातांत धरली अन् हळूच म्हणले, "मंग लागलं म्हण की आपल्या इहिरीला पाणी."